संक्रांतीपासून दिवस मोठा होतो, मग सूर्य तेव्हाच सर्वात उशिरा का उगवतो?

मकरसंक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं घरोघरी सांगितलं जातं. पण रायगड जिल्ह्यातल्या तळा इथे १४ जानेवारीला सूर्य साधारण ७ वाजून १३ मिनिटांनी उगवतो. अख्ख्या वर्षात याहून उशिरा तो कधीच उगवत नाही. गंमत म्हणजे वर्षातला सर्वात लहान दिवस तीन आठवड्यांपूर्वीच, २१-२२ डिसेंबरला, होऊन गेलेला असतो आणि त्या दिवशी सूर्य ७ वाजून ५ मिनिटांनी आलेला असतो. म्हणजे दिवस वाढायला लागला, तरी सकाळ आठ मिनिटं मागे गेली.

मग म्हणणं चुकीचं की घड्याळ चुकीचं? दोन्ही बरोबर आहेत. मात्र 'दिवस किती मोठा' आणि 'सूर्य किती वाजता उगवला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

दिवस लहान-मोठा होतोच कसा?

मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला आत वळलं की तळा लागतं. वर तळगड, तालुक्यातच कुडा लेणी आणि पलीकडे खाडी. हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १८.३ अंशांवर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तेव्हा तळाही तिच्यासोबत दिवसाला एक फेरा मारतं. हा फेरा साधारण ३८ हजार किलोमीटरचा असतो.

पृथ्वीचा अर्धा भाग कायम उजेडात आणि अर्धा अंधारात असतो. पृथ्वी सरळ उभी असती, तर तळ्याचा अर्धा फेरा उजेडात आणि अर्धा अंधारात गेला असता, बारा महिने. पण पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. जूनमध्ये उत्तरेकडची बाजू सूर्याकडे झुकते, त्यामुळे ३८ हजारांपैकी जवळपास २१ हजार किलोमीटरचा प्रवास उजेडात होतो. डिसेंबरमध्ये हीच बाजू सूर्यापासून दूर झुकलेली असते आणि उजेडातला प्रवास साडेसतरा हजार किलोमीटरवर येतो. वेग तोच, वाट तीच. फक्त वाटेवरचा उजेडाचा भाग कमी-जास्त होतो.

सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा, हा समज अजूनही बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन थंडीत.

तळ्याचा हिशेब तासांत मांडला तर असा: २१ जूनच्या आसपास दिवस १३ तास १४ मिनिटांचा, २१-२२ डिसेंबरला ११ तास २ मिनिटांचा. वर्षभरातला फरक सव्वादोन तासांहून थोडा कमी. (वेळा सपाट क्षितिज धरून काढल्या आहेत. पूर्वेला डोंगर असलेल्या वाडीवर सूर्य त्यानंतर दिसेल. वर्षागणिक एखाद्या मिनिटाचा फरक पडतो, तोही गृहीत धरावा.)

हा फरक रोज सारख्या गतीने होत नाही. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस रोज सुमारे एका मिनिटाने बदलतो. जून आणि डिसेंबरच्या टोकाला मात्र तो जवळपास थांबतो, झोका वर गेल्यावर क्षणभर थांबतो तसा. २२ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात तळ्याचा दिवस वाढतो तो फक्त सहा मिनिटांनी, म्हणजे रोज सरासरी पंधरा सेकंद. 'तिळातिळाने' हा शब्द ज्याने कुणी वापरला, त्याचं माप चोख होतं.

२१ मार्च आणि २३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान असतात, हे शाळेत शिकवलेलं वाक्यही पूर्ण खरं नाही. हवेमुळे सूर्यकिरण वाकतात, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. शिवाय सूर्योदय मोजतात तो सूर्याची वरची कड दिसते तेव्हा, मध्यबिंदू नाही. म्हणून त्या दोन दिवशी तळ्याला दिवस १२ तास ७ मिनिटांचा असतो. नेमका बारा तासांचा दिवस १४ मार्च आणि ३० सप्टेंबरच्या आसपास येतो.

मग सकाळ मागे का सरकते?

सूर्य आकाशात सर्वात उंच येतो तो क्षण म्हणजे खरी दुपार. ती रोज ठरलेल्या वेळी व्हावी अशी आपली अपेक्षा असते, पण तसं होत नाही. तळ्याला ही खरी दुपार नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २१ मिनिटांनी होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५२ मिनिटांनी. अर्ध्या तासाचा फरक!

कारण असं. एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत पृथ्वीला स्वतःभोवतीच्या एका फेरीपेक्षा थोडं जास्त फिरावं लागतं, कारण दरम्यान ती सूर्याभोवतीही पुढे सरकलेली असते. हे 'थोडं जास्त' वर्षभर सारखं नसतं. जानेवारीच्या आसपास पृथ्वी सूर्याच्या जवळ असल्याने तिची धाव वेगवान असते, त्यात आसाच्या कलण्याचा परिणामही त्याच दिशेने मिळतो. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस दोन दुपारींमधलं अंतर २४ तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट जास्त असतं. घड्याळ मात्र २४ तासांवर ठाम असतं. परिणामी खरी दुपार रोज अर्ध्या मिनिटाने पुढे जाते आणि तिच्यासोबत सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही ओढले जातात.

आता दोन्ही हिशेब एकत्र करू. दिवस रोज काही सेकंदांनी वाढतोय, त्यातली निम्मी वाढ सकाळच्या वाट्याची. पण अख्खा दिवसच घड्याळावर त्याहून जास्त पुढे ढकलला जातोय. म्हणून सकाळ हरते आणि संध्याकाळ दुप्पट जिंकते. २२ डिसेंबरला तळ्याचा सूर्यास्त ६ वाजून ७ मिनिटांनी, १४ जानेवारीला ६ वाजून २० मिनिटांनी. संक्रांतीला तिळगूळ वाटत फिरणाऱ्यांना दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो तो संध्याकाळमुळे. त्याच दिवशी पहाटे उठणाऱ्याला उलटं वाटलं, तर तोही चूक नाही. जानेवारीचा तिसरा आठवडा सरल्यावर सूर्योदय अलीकडे येऊ लागतो.

याची दुसरी बाजू नोव्हेंबरमध्ये दिसते. सर्वात लवकर सूर्यास्त सर्वात लहान दिवशी होत नाही. तो होतो त्याच्या महिनाभर आधी, २०-२५ नोव्हेंबरच्या सुमारास, सहा वाजण्याच्या बेतात. भातझोडणी उरकायची असते तेव्हाच संध्याकाळ सर्वात आखूड असते.

घड्याळ कुणाचं?

तळ्याची खरी दुपार वर्षात कधीच बारा वाजता होत नाही. याचं कारण आकाशात शोधायची गरज नाही, ते नकाशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते. तळा आहे ७३.१ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तळ्याचा सूर्य घड्याळाच्या साधारण साडेसदतीस मिनिटं मागे.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने ती सहजासहजी स्वीकारली नाही. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत काही ना काही प्रमाणात पाळली जात होती. सूर्याच्या दृष्टीने पाहिलं तर कोकण किनाऱ्याला तीच वेळ जवळची होती.

आता एकाच राज्यातलं दुसरं टोक पाहू. नागपूर तळ्याच्या पूर्वेला सुमारे सहा अंशांवर आहे, म्हणजे तिथला सूर्य २४ मिनिटं पुढे. पण ते उत्तरेलाही जवळपास तीन अंशांनी जास्त आहे, त्यामुळे तिथला उन्हाळी दिवस मोठा आणि हिवाळी दिवस लहान. या दोन गोष्टी मिसळल्या की चित्र मजेशीर होतं. २१ जूनला नागपूरला सूर्य ५:३३ ला उगवतो, तळ्याला ६:०२ ला. फरक २९ मिनिटांचा. त्याच संध्याकाळी नागपूरला ६:५८ ला मावळतो, तळ्याला ७:१६ ला. इथे फरक १८ मिनिटांवर आला. डिसेंबरमध्ये हे आकडे उलटे होतात: सकाळी १८ मिनिटं, संध्याकाळी ३०.

सरकारी वेळापत्रक मात्र दोन्हीकडे एकच. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. त्यामागचं कारण मुलांची अपुरी झोप हे होतं, सूर्योदय नव्हे. पण मोठ्या मुलांची सकाळच्या सत्राची शाळा आहे, शनिवारची सकाळची शाळा आहे. जानेवारीत सात-सव्वासातला शाळेत पोहोचायचं असेल, तर तळ्याच्या आसपासच्या वाड्यांवरून चालत निघणारं पोर अंधारात किंवा झुंजूमुंजूला घर सोडतं. नागपूरच्या मुलाला त्याच वेळी अठरा-वीस मिनिटांचा जास्त उजेड मिळालेला असतो. शाळेची वेळ ठरवताना पंचांगातलं सूर्योदयाचं पान उघडायला फारसे कष्ट पडत नाहीत, एवढंच.

हा वाद देशपातळीवर जुना आहे. आसामच्या चहामळ्यांमध्ये घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची पद्धत आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन प्रमाणवेळा सुचवल्या होत्या. महाराष्ट्राच्या आतला अर्धा तास त्यापुढे किरकोळ वाटतो, पण तो रोजचा आहे.

संक्रांत आणि उत्तरायण वेगळे कधी झाले?

दिवस वाढायला २२ डिसेंबरपासून सुरुवात होते, तर मग सण १४ जानेवारीला का? कारण संक्रांत सूर्य ताऱ्यांच्या संदर्भात कुठे आहे यावर ठरते आणि ऋतू पृथ्वीच्या आसाच्या कलण्यावर. हा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डुलतो. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत संक्रांत ऋतूंच्या तुलनेत एक दिवस पुढे सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही दिवस जवळपास एकत्र होते. कुडा लेणी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली मानली जातात, म्हणजे तो काळ यापासून फार लांब नाही. तेव्हा संक्रांतीपासून दिवस मोठा होतो हे म्हणणं अगदी तारखेनिशी लागू पडलं असतं.

हे सरकणं अलीकडच्या इतिहासातही दिसतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. आणि पानिपत? १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांवर 'संक्रांत कोसळली' असं लिहिण्याचा मोह कुणाला आवरत नाही. पण गणित केलं तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. लढाईच्या दिवशी ती होऊन चार दिवस झाले होते.

गाव बदललं की दिवस किती बदलतो?

तळ्यापासून दक्षिणेला गेलं की वर्षातला चढ-उतार सपाट होत जातो. कन्याकुमारीला सर्वात मोठा आणि सर्वात लहान दिवस यांत तासाभराचाच फरक असतो. विषुववृत्तावर तोही नाही. उत्तरेला श्रीनगरमध्ये जूनचा दिवस जवळपास साडेचौदा तासांचा आणि डिसेंबरचा दहा तासांहून थोडा कमी. लंडनमध्ये १६ तास ३८ मिनिटं आणि ७ तास ५० मिनिटं. तळ्याला मार्चमध्ये दिवस रोज एका मिनिटाने वाढतो, लंडनमध्ये तो रोज जवळपास चार मिनिटांनी वाढतो. आठवड्यात अर्धा तास!

सूर्य मावळल्यानंतरचा संधिप्रकाशही बदलतो. तळ्याला सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, त्यामुळे बावीस-चोवीस मिनिटांत अंधार पडतो. लंडनमध्ये जूनमध्ये तो तिरका उतरत राहतो आणि तेवढाच अंधार व्हायला पाऊण तास लागतो.

हा फरक सर्वात जास्त कुणाला जाणवत असेल, तर रोजा ठेवणाऱ्यांना. रमजान चांद्र दिनदर्शिकेप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरतो. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडच्या कोकणी मुस्लिम घरात उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला रोजा यांत सव्वादोन तासांच्या आसपास फरक पडतो. त्याच घरातली मंडळी ब्रिटनमध्ये असतील, तर त्यांना निव्वळ सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच हिशेब धरला तरी जवळपास नऊ तासांचा फरक सोसावा लागतो.

आणि मॉरिशस? तिथल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर मजुरीसाठी गेले, त्यात कोकणातले अनेक होते. पोर्ट लुईस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे वीस अंशांवर आहे, म्हणजे जणू आरशातला महाराष्ट्र. तिथे डिसेंबरमध्ये दिवस १३ तास २१ मिनिटांचा असतो आणि जूनमध्ये १० तास ५५ मिनिटांचा. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, पण गणपती बसतात तेव्हा इथला दिवस लहान होत असतो आणि तिथला मोठा. संक्रांतीला तर पारडं पूर्ण उलटं. त्या दिवसांत मॉरिशसमध्ये दिवस तिळातिळाने लहान होत असतो.

मोठा दिवस म्हणजे जास्त ऊन नव्हे

कोकणात सर्वात मोठे दिवस पावसाच्या ढगांआड जातात. जूनच्या अखेरीस सूर्य क्षितिजावर सव्वातेरा तास असतो, पण अंगणात वाळत घातलेले कपडे काही वाळत नाहीत. छपरावर सौर पॅनल बसवणाऱ्यांनी वीज मोजली तर तळ्याला जुलैपेक्षा एप्रिल-मे सरस ठरतो.

सूर्य डोक्यावर येण्याचा दिवसही २१ जून नाही. तळ्याला तो १२ मेच्या आसपास, दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी बरोबर माथ्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. परतताना तो ३०-३१ जुलैला पुन्हा माथ्यावरून जातो, पण तेव्हा सावलीच नसते, पाऊस असतो.

भाताला दिवस कळतो

ढग असले तरी दिवसाची लांबी मोजणारं एक पीक तळ्याच्या खाचरांत उभं असतं. भात मुळात लहान दिवसाचं पीक. त्याच्या पारंपरिक गरव्या जाती रात्रीची लांबी ओळखतात. रात्र पुरेशी मोठी झाली की मगच रोप फुलोऱ्याच्या तयारीला लागतं. तळ्याला दिवस ऑगस्टच्या अखेरीस साडेबारा तासांवर येतो, सप्टेंबरअखेर बारावर. या काळात गरवा भात पोटरीत येतो आणि निसवतो. पाऊस लांबला म्हणून पेरणी पंधरा दिवस उशिरा झाली, तरी निसवण्याची वेळ तेवढी पुढे जात नाही, कारण रोप पेरणीपासूनचे दिवस मोजत नसतं. पाऊस सरल्यावर दाणा पक्व व्हावा, यासाठी ही सोय पिढ्यानपिढ्या उपयोगी पडली.

१९६६ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ ही जात आणली. तिच्यावर दिवसाच्या लांबीचा फारसा परिणाम होत नव्हता, त्यामुळे तिची पाळी दिवसांत मोजता आली आणि पाणी असेल तिथे उन्हाळी भातही घेता आला. पुढच्या बहुतेक सुधारित जाती याच वळणाच्या. हळव्या जातीही लवकर तयार होतात. पण त्यांचं पीक कापणीला येतं तेव्हा परतीचा पाऊस गेलेला असेलच असं नाही. उभा भात आडवा होतो आणि लोंबीतच दाण्याला मोड येतात, हे कोकणातल्या शेतकऱ्याने अनेक ऑक्टोबरमध्ये पाहिलं आहे. गरव्याला हा धोका कमी, मात्र त्याला शेवटपर्यंत ओल टिकणारी खोलगट जमीन लागते.

गरव्या भाताला फसवणंही सोपं आहे, कारण त्याला मंद उजेडही चालतो. खाचराच्या कडेला रात्रभर जळणारा रस्त्याचा दिवा असेल, तर त्याच्या टप्प्यातल्या रोपांना रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही. बाकीचं शेत निसवून पिवळं पडू लागतं, तेव्हा दिव्याखालचा तेवढा पट्टा हिरवाच राहतो आणि कापणीला तो वेगळा धरावा लागतो.